शैलाचा गुडघा

शैला गेल्याचं तिच्या भाचीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी मेथी निवडत होते. ‘मावशी, झोपेतच गं...’ पुढचं ऐकलंच नाही. भाजी मात्र निवडत राहिले, कुणी जेवायला येणार असल्यासारखी.

लालबागच्या आमच्या कबड्डी संघात चढाई करावी तर शैलानेच. अंगाने काटकुळी, पण मध्यरेषा ओलांडली की समोरच्या पोरींची तारांबळ. आम्हाला शिकवणाऱ्या सरांना मात्र तिच्या पायांचं कौतुक नव्हतं. कोपरं आणि चवडे जमिनीला, बाकी अंग फळीसारखं ताठ, असं ते आम्हाला धरून ठेवायला लावायचे. ‘पोट-कंबर दमली की धड हेलकावतं आणि सगळा भार गुडघ्यावर येतो,’ म्हणायचे. आम्ही कुरकुरायचो.

मग गिरणीचा संप आला. दोघींचे वडील घरी. महिने उलटले तशी पेजही पातळ झाली. रिकाम्या पोटी तो व्यायाम केला की शैलाला भोवळ यायची. त्यातच एका बँकेने खेळाडू मुली घ्यायचं ठरवलं, निवड सामन्यातून. तिच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं, नोकरी हवीच होती. बाईसाहेबांनी व्यायाम सोडला आणि वडिलांनी कधीकाळी गिरणीतून आणलेल्या मांजरपाटाच्या जाड कापडाची पट्टी पोटाला करकचून बांधली.

‘बघ गो, कंबर कशी ताठ! भूकपण लागत नाय.’

‘अगं, पट्टी काय पोटाचं काम करणार?’

मी सरळ सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, डब्यातली भाकरी तिच्यापुढे केली. तिने हात लावला नाही. मानी मेली!

सामन्याच्या पहिल्या डावात तिने मैदान गाजवलं. दुसऱ्या डावात अंग ढिलं पडत गेलं. शेवटच्या चढाईत ती वळली, धड एकीकडे झुकलं, पाऊल मातीत रुतलेलंच राहिलं... गुडघा फिरला. ती ओरडली ते अजून ऐकू येतं.

नोकरी मला मिळाली. मी डोंबिवलीला गेले, ती लालबागच्या त्याच खोलीत शिवणकाम करत राहिली, एकटी. लंगडत दार उघडायची आणि गुडघ्याचा विषय काढला की म्हणायची, ‘तुझं सांग.’ आता कुणाला सांगू? फार एकटं वाटतं.

परवा तिच्या खोलीवर गेले. भाची आवराआवर करत होती. तिने एक जुनी चटई उलगडून दाखवली, पहिल्या पगारात मीच शैलाला घेऊन दिलेली. एका टोकाला शेजारीशेजारी दोन भोकं.

‘टाकून देऊ ना? उंदरांनी कुरतडलीय.’

मी खाली बसले. भोकांच्या कडा झिजून मऊ झाल्या होत्या. माझी दोन्ही कोपरं त्यांत बरोबर बसली.

‘उंदीर नाहीत गं हे,’ मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.