सुईणमावशीची शिष्या

शिंप्याची थोरली लेक डॉक्टर होऊन गावी परतली, तेव्हा तिला बघायला अख्खी गल्ली लोटली. पेशंट मात्र औषधालाही सापडेना.

कॉलेजात चाळीस मुलगे आणि ती एकटी. चिरफाडीच्या पहिल्या दिवशी दोघे घेरी येऊन पडले, त्यांना पाणी पाजलं ते हिनंच. टाके घालण्यात तर तिचा हात धरणारा कुणी नव्हता. लहानपणी बापाच्या शेजारी बसून काजं केलेली. आणि इथे तीन महिने ती रिकामं टेबल पुसत होती.

"आमच्या मावशीला सोडून हिच्याकडे कशाला जायचं?" बायका म्हणत. मावशी म्हणजे सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, खुद्द डॉक्टरीणसुद्धा.

दुसरी असती तर नाक मुरडून बसली असती. ही एका सकाळी सरळ मावशीच्या घरी गेली.

"मावशी, आडवं मूल पोटावरून फिरवता ना, ते मला शिकवा. पुस्तकात वाचलंय, पण हाताला ठाऊक नाही."

"डॉक्टर तू, आणि शिकवू मी? थट्टा करतेस म्हातारीची?"

"नाही हो. पण माझंही एक ऐकायचं. कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, कात्री उकळायची."

"म्हणजे माझे हात घाण?"

"माझेसुद्धा. म्हणून तर दहादा धुते."

मावशी फिसकन हसली आणि कंबर धरत उठली.

आठवड्याभरात बेकरीवाल्याची सून अडली. मूल आडवं. मावशीने डॉक्टरणीचे हात आपल्या हातांखाली घेतले. "ढकलू नकोस, ते सरकेल तसं सरक." मूल फिरलं, दुपारी जन्मलं, रडलं. बाळंतपणात झालेली जखम खोल होती. ती डॉक्टरणीने शिवली. दहा दिवस झाले तरी बाळंतिणीला ताप आला नाही. मावशीने टाके निरखून पाहिले. "बापाचं नाव काढलंस गं!"

त्यानंतर मावशी स्वतःच बायकांना घेऊन येऊ लागली. दवाखान्याच्या दाराशी तिने स्टूल टाकलं ते कायमचंच. एकदा मोठ्या इस्पितळाचे साहेब पाहणीला आले आणि थेट आत निघाले.

"अहो, आधी हात!" मावशीने साबण पुढे केला.

साहेबांनी मुकाट्याने बाह्या वर केल्या. आत डॉक्टरीण तोंडाला पदर लावून हसत होती.