सड्यावर भावोजींना कुणी मारलं

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. सासरी दृष्ट काढतात तेव्हा मिरच्यांच्या धुराने मला शिंका येतात, एवढाच माझा आणि असल्या प्रकारांचा आजवरचा संबंध. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचायचो, पण बहुतेक वेळा चुका काढायला... इथे वेळ जुळत नाही, तिथे लिहिणारा अर्धवट झोपेत असणार, वगैरे. माझ्याही अनुभवात तुम्ही चुका काढा. मला एक जरी सापडली असती तरी मी हे लिहायला बसलो नसतो.

गोष्ट गेल्या डिसेंबरमधली. रविवार, सकाळचे साधारण पावणेअकरा. लख्ख ऊन होतं.

आधी भावोजींबद्दल. भावोजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. वय त्रेपन्न, चिपळूणला औषधांचं दुकान. दुकानात कुणी आवाज चढवला की ते त्याला बसायला स्टूल देतात आणि पाणी विचारतात. ताईच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, या माणसाला मी चिडलेलं पाहिलेलं नाही. मी अकरावीला गणितात नापास झालो तेव्हा वर्षभर रोज संध्याकाळी दुकानाच्या काउंटरमागे बसवून त्यांनी माझ्याकडून गणितं करून घेतली. आज मी जे शिकवतो ते त्यांच्यामुळे. तीन वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली, तेव्हा मीच त्यांना सायकलला लावलं. आधी गावात, मग घाटात, मग आम्हाला दोघांनाही कच्च्या वाटांचं वेड लागलं.

त्या शनिवार-रविवारचा बेत साधा होता. शनिवारी रत्नागिरीहून निघायचं, डांबरी रस्ता होईल तेवढा टाळत जयगडला पोचायचं, फेरीबोटीने खाडी ओलांडून तवसाळ, आणि मुक्काम हेदवीला. रविवारी हेदवीहून वर सड्यावर चढायचं आणि सड्यासड्याने, वाड्यांमधल्या पायवाटांनी चिपळूण गाठायचं. ताई जेवायला वाट बघणार होती. भावोजी शुक्रवारी सायकल टेम्पोत टाकून माझ्याकडे आले.

शनिवार मजेत गेला. हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं, एका घरगुती खानावळीत जेवलो, नऊला झोपलो. दारूबिरू काही नाही, आम्ही दोघंही घेत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला.

रविवारी साडेसातला निघालो. चढण संपवून सड्यावर आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. ज्यांनी कोकणातला सडा पाहिला नाही त्यांच्यासाठी — डोंगराचा माथा कापून काढल्यासारखं मैलभर सपाट मैदान, सगळा काळा खडबडीत कातळ, मधे मधे गुडघाभर पिवळं गवत. झाड नाही. लपायला जागा नाही. अर्ध्या किलोमीटरवरचं कुत्रंही दिसतं. ज्या जागी हे घडलं तिथून जांभ्या दगडाचा एक जुना गडगा, म्हणजे कमरेएवढी रचलेली भिंत, आडवा गेलेला आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आमचं भलंच केलं आहे.

माझी चेन उतरली. भावोजी पुढे होते. मी ओरडलो, "तुम्ही व्हा पुढे, आलोच." त्यांनी मागे न बघता हात हलवला. मी सायकल उलटी केली आणि चेन बसवायला लागलो. तेल-माती मिसळून दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झाले.

आवाज आला म्हणून मी वर पाहिलं. ओल्या कपड्यावर धोपाटणं मारावं तसा आवाज.

शंभरेक पावलांवर भावोजींची सायकल आडवी पडली होती आणि ते गुडघ्यांवर होते. मला वाटलं, पडले. तेवढ्यात त्यांचं डोकं एका बाजूला फाडकन फिरलं. मग दुसऱ्या बाजूला. त्यांच्या आजूबाजूला कुणी नव्हतं. ते उठायला गेले आणि पोटात लाथ बसल्यावर माणूस दुमडतो तसे दुमडले. दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटले. पंच्याऐंशी किलोचा माणूस.

मी धावत सुटलो. सायकलचे बूट कातळावर घसरतात, दोनदा पडलो. धावताना सगळं दिसत होतं. त्यांच्या जर्सीची कॉलर मागून ताणली गेली, गळ्याशी आवळली, आणि ते पाठीवर फरफटत निघाले, माझ्यापासून लांब. टाचा घासत होत्या. हात कॉलरशी झटत होते. मी जेवढा धावत होतो तेवढे ते पुढे जात होते. मग गडग्याशी थांबले, आणि त्यांचं डोकं उचललं जाऊन दगडावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा... हेल्मेट फुटल्याचा आवाज मला स्पष्ट आला. फुटलेलं हेल्मेट निघून पडलं आणि त्यानंतर तोंडावर फटके सुरू झाले. प्रत्येक फटक्याला चेहरा हलायचा, रक्त बाजूच्या दगडावर उडायचं, आणि चेहरा पुन्हा सरळ व्हायचा... जणू कुणी तो हनुवटीला धरून सरळ करत होतं.

मी पोचलो आणि त्यांना बगलेत हात घालून ओढलं. माझा हात लागला त्या क्षणी सगळं थांबलं.

भावोजींनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून ते फुटक्या ओठांनी म्हणाले, "बस कर रे आता. मी काय केलं तुझं?"

मला वाटलं, भ्रमात आहेत. "भावोजी, मी आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. आणि हाताला लागलेला जांभ्याचा तुकडा उचलून त्यांनी माझ्या कपाळावर घातला. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं. त्यांनी पुन्हा हात उगारला, मी तो धरला, आणि ते लहान मूल रडतं तसे रडायला लागले.

"सोड त्यांना."

गडग्याच्या पलीकडे एक बाई उभी होती. साठीची असेल, कासोटा घातलेली, गवत कापायला आलेली; भिंतीआड असल्याने मला आधी दिसली नव्हती. तिचं नाव शेवंताबाई, हे मला नंतर कळलं. तिच्या हातात विळा होता आणि तो माझ्याकडे रोखलेला होता.

"मावशी, तुमच्या फोनला रेंज आहे का? यांना दवाखान्यात न्यायला हवं."

"आदी लांब व्हा. तकडं, गवतात बसा. उटलाव तर बगा."

मी दहा पावलं लांब जाऊन बसलो. तिने वाडीत फोन लावला. वीस मिनिटांनी चार माणसं आली, भावोजींना चादरीत घालून उचललं आणि खालच्या रस्त्यावर पिकअपमध्ये ठेवलं. मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. मागे भावोजींजवळ बसू दिलं नाही. तेव्हा मला ते रक्तामुळे वाटलं, मला चक्कर येईल म्हणून.

तीन बरगड्या, जबडा, डाव्या हाताचं हाड, चार दात, डाव्या कानाचा पडदा. माझ्या भुवईला सात टाके. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सरळ विचारलं, "मारामारी कुणाशी झाली?" मी पाहिलं तसं सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात धुवायला लावले, मग उजेडात धरून एकेक बोट दाबून पाहिलं. तळवे पडल्याने खरचटले होते, पण ठोसा मारताना फुटतात त्या बोटांच्या सांध्यांवर ओरखडाही नव्हता. ते आत गेले. आत भावोजींनी त्यांना सांगितलं की गडग्यावरून सायकल उडवायला गेलो आणि तोंडावर पडलो. डॉक्टरांना ते पटलं नाही, पण पेशंट हट्टाला पेटल्यावर ते तरी काय करणार?

ताई चिपळूणहून निघाली होती. ती यायच्या आधी आम्ही दोघंच होतो. जबडा बांधलेला, तरी भावोजी हळूहळू बोलले.

"तुझ्या बहिणीला सांगणार नाही मी. पोलिसांनाही नाही. फक्त का मारलंस ते सांग."

मी शपथा घेतल्या. आईची घेतली, पोराची घेतली.

"मी पाहिलं ना तुला," ते म्हणाले. "चेन बसवून तू चालत आलास. मी विचारलं, सायकल कुठे? तू बोलला नाहीस. एक शब्द बोलला नाहीस. आणि... तुला घाई नव्हती."



मी गणिताचा माणूस, मला पुरावा हवा होता. भावोजींची कापून काढलेली जर्सी दवाखान्यातून पिशवीत घालून मिळाली होती, ती मी घरी पसरली. फिकट पिवळी जर्सी. दोन्ही बगलांखाली माझ्या बोटांचे काळेकुट्ट ठसे होते, चेनच्या तेलाचे. कॉलर मात्र अर्धी फाटून लोंबत होती आणि तिच्यावर रक्त सोडून काही नव्हतं. माझ्या त्या हातांनी ती धरली असती तर डाग पडलाच असता. दुसऱ्याच दिवशी मी जर्सी त्यांच्यासमोर धरली आणि हे सगळं समजावलं, ते मला गणित समजावायचे तसं, पायरीपायरीने. त्यांनी फाटक्या कॉलरवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तू हुशार आहेस, हे मला पहिल्यापासून माहीत आहे."

पुढच्या रविवारी मी एकटा परत गेलो. या वेळी मोटरसायकलने. शेवंताबाईंचं घर सापडलं. त्या अंगणात पेंढा रचत होत्या. मला बघून दाराशी गेल्या, आणि विळा घेऊनच बाहेर आल्या.

मी लांब उभा राहिलो. म्हटलं, "मावशी, तुम्ही काय पाहिलंत तेवढं सांगा. मी लगेच जातो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं. मग म्हणाल्या, "तुमी सायकल उलटी करून बसलाव व्हतात. मी बगत व्हते, म्हटलं ह्यांचं काय मोडलं. नि मग तकडं बगितलं तर तकडं पन तुमीच. त्यांना मारत."

"म्हणजे मी तिथे गेलो असेन..."

"गेलाव नाय. हकडं पन व्हतात. मी दोनदोनदा बगितलं. हकडं तुमी चेन लावताव, नि तकडं तुमी मारताव. तेच कपडे, तीच टोपी."

"मग?"

"मग हकडचे तुमी धावलाव. पडलाव, उटलाव. नि तकडं पोचलाव तवा दोगांचा एक झाला."

मी खाली बसलो. त्यांनी बसू दिलं, पण अंगणाबाहेर.

"मावशी, हे माझ्या भावोजींना सांगाल? ते अजून मलाच दोषी धरतात."

"मी कुनाला सांगायची नाय. मला येडी म्हनतील, नि तुमी काय सुटायचं नाय." मग त्यांनी जे विचारलं ते मी अपेक्षित धरलं नव्हतं. "त्या दोगांतला कंचा उरला, म्हाईत हाय तुमाला?"

तिथे आधी कधी असं काही झालं आहे का, कुणाचा खून, कुणाची समाधी, काही... मी चार वाड्यांत विचारलं. काही नाही. लोक रोज त्या वाटेने गुरं नेतात. मी स्वतः तिथे दोन तास उभा राहिलो. वारा होता, गवत होतं, गडग्यावरचं रक्त वाळून जांभ्याच्या रंगात मिसळलं होतं.

शेवटी मी ताईला सगळं सांगितलं. शेवंताबाईंचंही. तिने भावोजींना माझ्यासमोर विचारलं, "हा म्हणतो ते खरं का?" भावोजी म्हणाले, "मी पडलो." ती एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर तीन महिने तिने मला फोन केला नाही.

मेमध्ये भाचीचा साखरपुडा झाला. आठवड्याआधी भावोजींचाच फोन आला. म्हणाले, "तू यायचं आहेस. मी खूप विचार केला. तू नव्हतास, हे मला पटतंय." मी फोनवर रडलो.

साखरपुड्याला फोटोग्राफरने घरच्यांना ओळीत उभं केलं. मी भावोजींच्या शेजारी. तो म्हणाला, "मामा, जरा हात ठेवा त्यांच्या खांद्यावर." मी हात उचलला. भावोजींचे दोन्ही हात झटकन डोक्यावर गेले, मान खाली गेली, आणि ते साठ-सत्तर माणसांसमोर गुडघ्यांत वाकले. तोंडातून आवाजही निघाला. कुणी हसलं. ताई माझ्याकडे बघत होती.

भावोजी सरळ उभे राहिले. शर्ट नीट केला. मग माझं मनगट धरून त्यांनी माझा हात स्वतः आपल्या खांद्यावर ठेवला आणि फोटो होईपर्यंत तिथे दाबून धरला. तो हात कुणाचा आहे असं त्यांना वाटत होतं, हे मी त्यांना विचारलेलं नाही, आणि मला तरी ते कुठे सांगता येतंय.