मोठ्या माशांचा वाटा

माझ्या आईने जन्मभर मासे पाळले आणि मामावर डूख धरला. दोन्हींत तिने कधी हयगय केली नाही.

मामा म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. आजोबांच्या माशांच्या टाक्या दोघं मिळून बघायची. म्हणजे आई राबायची आणि मामा बघायचा. भरभर वाढणाऱ्या माद्या निवडून निवडून आईने त्यांचं बीज धरलं होतं. माझ्या वेळी ती बाळंतपणाला दवाखान्यात गेली आणि मामाने त्या माद्या बाजारात काढल्या. वर डबा घेऊन भेटायला आला. आई जेवली, बोटं चाटली, तेव्हा हा हसत म्हणतो, "ताई, तुझीच थोरली मादी होती ही. मासा तो मासा, त्यात घराणं कसलं!"

त्यानंतर आईने मासा तोंडात घातला नाही. भांडलीही नाही. न भांडणाऱ्या बाईला भ्यावं, एवढी अक्कल मामाला नव्हती.

त्या माद्यांची मूठभर पिल्लं वाचली होती. आईने त्यांचाच वंश गुपचूप वाढवला. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा तिने काय करावं? ही खानदानी पिल्लं अंधाऱ्या शेडमध्ये टाकली आणि बाजारातलं भुक्कड बीज दिव्यांच्या शेडमध्ये. उजेड लांबला की मासा अंडी धरायचं लांबवतो, नुसता खातो आणि फुगतो. दिवस आखूड झाला की लवकर अंडी धरतो आणि तिथंच खुंटतो. मामा टाक्यांकडे फिरकायचा तो पाहुण्यांना मासे दाखवायला. त्याला काय कळणार, कपाळ?

आजोबा गेले, वाटणी निघाली. आमच्याकडे रीत होती: एकाने वाटे पाडायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा.

"वाटे मी पाडते," आई म्हणाली. "तू उचल."

मामाने दोन्ही शेडमध्ये डोकावून पाहिलं आणि दिव्यांखालचे धष्टपुष्ट मासे उचलले. चेहरा असा की बहिणीच्या तोंडाला पानंच पुसली! एव्हाना घराणं हा शब्द त्याच्याच तोंडी बसला होता. "घराण्याचा मासा आहे, याला दिवे कशाला?" म्हणत त्याने आपल्या शेडमधले दिवे काढून टाकले. मला इतकं हसू आलं की मी मोरीत जाऊन हसले.

त्याच्या माशांची पुढची पिढी बोटाएवढी राहिली. आमच्या खुंटलेल्या माशांची पिल्लं आईने दिव्यांखाली घेतली. ती हातात मावेनात.

शेवटी मामा दारात आला. खाली मान. "ताई, थोड्या माद्या दे गं. बुडालो मी. रक्ताचं नातं आहे आपलं."

"हात धू. आधी जेव."

मामा जेवला, बोटं चाटली. "काय चव आहे, ताई!"

"थोरली मादी होती," आई म्हणाली. "मासा तो मासा."

मामाचा हात ताटातच थांबला. आईने स्वतःचं ताट वाढून घेतलं, त्याच्यासमोर बसली आणि माझ्या देखत पहिल्यांदाच मासा खाल्ला. पोटभर.