'टेक इट ईझी'ची शिकवणी

विश्रांतवाडीच्या शाळेत मी सहावी-सातवीला इंग्रजी शिकवत होते, तेव्हा पुण्यात कॉल सेंटरं निघायला लागली होती. त्यातल्या एका कंपनीने नव्या पोरापोरींना अमेरिकन बोली शिकवायला मला उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं बोलावलं. ही बॅच फोनच्या कामाला निवडली गेली तर तुम्हाला कायम करू, असं तिथल्या एचआरच्या मुलीने सांगितलं. तेवढ्यावर मी मनातल्या मनात शाळेचा राजीनामाही देऊन टाकला. अमेरिका मी फक्त नकाशात पाहिली होती, पण त्यामुळे माझं कधीच काही अडलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी 'टेक इट ईझी'वर घालवला. चिडलेल्याला म्हटलं तर 'शांत हो', दमलेल्याला म्हटलं तर 'दमानं घे', आजाऱ्याला म्हटलं तर 'जपून राहा'. निघताना म्हटलं तर नुसतं 'बरंय, येतो'. आणि स्वतःबद्दल सांगायचं असेल तर 'काही नाही, लोळत पडलोय'. हे सगळं फळ्यावर लिहून मी वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेतलं. लोणी काळभोरहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे पाठ करायचं हाय का?" मला वाईट वाटलं. पाठ कसलं, हे आतून आलं पाहिजे, असं मी तिला सुनावलं आणि शुक्रवारी चाचणी ठेवली.

मग लक्षात आलं की नुसते अर्थ येऊन भागणार नाही, अंगातही तो सैलपणा हवा. म्हणून आमची तालीम सुरू झाली. साहेबाला नावाने हाक मारायची, 'सर' म्हणायचं नाही, तो आत आला तरी उठायचं नाही. खुर्चीत रेलून बसायचं. ताठ बसणाऱ्यांना मी ओरडत होते. मी स्वतः पायावर पाय टाकून बसून दाखवलं, ते साडीत जरा अवघडच गेलं.

आणि अमेरिकेहून क्लायंटचा मॅनेजर बॅच बघायला आला. चुरगळलेला टीशर्ट, पायात स्पोर्ट्स शूज, हातात कॉफी. दार उघडलं आणि मी ताडकन उठले. "गुड मॉर्निंऽऽग, सर," शाळेतल्या चालीत. मागे खुर्च्या सरकल्या आणि सगळी बॅच उभी राहून त्याच चालीत तेच म्हणाली. बिचारा दचकला, कॉफी टीशर्टवर सांडली. 'टेक इट ईझी,' असं म्हणत त्याने हातानेच बसायची खूण केली. फळ्यावर सगळे अर्थ माझ्याच अक्षरात होते, तरी मी बसले नाही. बाई उभ्या, म्हणून मुलंही उभीच.

आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून घरात कुणापुढे वाकायची पद्धत बंद झाली. वडील कारखान्यात होते. साहेब आला तरी ते खुर्ची सोडत नसत, आणि त्याची किंमत त्यांनी बढत्या गमावून मोजली. त्यांची बी.ए., बी.एड. झालेली लेक स्पोर्ट्स शूजवाल्यासाठी उभी राहिली होती. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या मुलीने हसतमुखाने सांगितलं, "मॅडम, क्लायंट जाम खूश आहे. म्हणाला, इतकी ओबीडियंट मुलं कुठे पाहिली नाहीत. सगळ्यांना डेटा एंट्रीला घेतोय."

फोनचं काय, मी विचारलं.

"डेटा एंट्रीत बोलायचं नसतं ना. म्हणजे तुमचा क्लास आता लागणार नाही."

नोकरी लागली म्हणून मुलं खूश होती, पेढे घेऊन आली. मी एक खाल्ला. त्यांना बोलायला शिकवायला गेले आणि न बोलण्याच्या कामाला लावून आले, याचा राग मला कुणावर काढावा तेच कळेना.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी सहावीच्या वर्गात पाऊल टाकलं आणि अख्खा वर्ग उठला. मी सांगितलं, उद्यापासून मी आले की कुणी उठायचं नाही, कळलं?

"येऽऽस, टीचर," सगळी एका सुरात म्हणाली, आणि मी बसा म्हणेपर्यंत उभीच राहिली.