उंबरठ्याखालचा रुपया

२२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळचा स्वयंपाक उरकला, जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आणि नागपूरच्या व्यापाऱ्याने पाठवलेली चांदीच्या जुन्या रुपयांची पिशवी त्यावर रिकामी केली. दिवाळी झाली की अशा पिशव्या येतात. लक्ष्मीपूजनाला लोक डब्यातले रुपये काढतात, धुतात, पूजतात, आणि पूजा आटोपली की त्यातले थोडे विकायला नेतात. देवीला वाईट वाटत असेल तर ते आपल्या कानावर आलेलं नाही.

माझं काम ते रुपये लावायचं. राणीछाप वेगळे, राजाछाप वेगळे. मग राजा कितवा, साल कोणतं, टांकसाळ कोणती, झीज किती. खोटे बाजूला. प्रत्येक नाण्याची कागदाची पुडी करायची, वर साल लिहायचं, खाली माझी सही. व्यापारी ती पुडी न उघडता गिऱ्हाइकाला देतो. माझ्या धंद्याचं भांडवल म्हणजे ती सही, दुसरं काही नाही. एक पुडी खोटी निघाली की पुढच्या सगळ्या पुड्या उघडल्या जातील, आणि मग मला विचारायचं कारण कोणाला उरणार नाही.

हे काम मी शिकले ते आमच्या दुकानात. भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. लोक जुनी भांडी मोडीत देऊन नवी नेतात. त्या मोडीच्या ढिगात कधी गंगाळाच्या तळाशी, कधी फुटक्या तांब्यात नाणी निघायची. आमचे हे ती वितळवायला पाठवायचे. एकदा मी म्हटलं, थांबा जरा, मला पाहू द्या. तेव्हापासून पाहते आहे. भिंग, वजनकाटा, चांगला उजेड आणि चिडलेल्या माणसासमोर गप्प बसण्याची सवय, एवढं पुरतं. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

कारण लोकांना उत्तर नको असतं, होकार हवा असतो. मागच्या उन्हाळ्यात चिखल्याच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राम-सीतेचं तांब्याचं नाणं घेऊन आले. कंपनी सरकारचं नाव, दोनशे वर्षांपूर्वीचं साल. कंपनीने राम-सीतेची नाणी कधी पाडली नाहीत. हे देवळाबाहेर विकायचे बिल्ले आहेत, आणि बरेचसे माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत. मी तसं सांगितलं.

"मॅडम, हे तांदूळ ओढून घेते," ते म्हणाले.

मी डब्यातून मूठभर तांदूळ आणून समोर ठेवले. नाणं ढिम्म.

"हा रेशनचा आहे," ते म्हणाले. "याले देवाचा लागते."

जाताना पायरीवरून म्हणाले, बाईमाणसाला काय कळणार. नाणं मात्र रुमालात नीट गुंडाळून नेलं.

तर त्या शनिवारी अर्धी पिशवी लावून झाली होती. ओतीव खोटे निघाले होते, नेहमीसारखे. ते बोटाला साबणासारखे लागतात, भिंगाखाली अंगभर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, आणि कडेवरून नख फिरवलं की साच्याच्या दोन अर्ध्यांचा सांधा अडतो. त्यांचा राग येत नाही. ते पैदाच खोटे झालेले असतात. घासलेल्यांचा जास्त येतो. आमच्याकडे पितळेचा धंदा, त्यामुळे धातू दिसला की चिंच लावून घासायची सर्वांना सवय. आरशासारखा चकचकीत करून आणतात आणि कौतुकाची वाट पाहतात. संग्रह करणारा त्याला हात लावत नाही.

तेवढ्यात भाऊ आला. माझ्याहून लहान. गोसीखुर्दच्या धरणात आमचं गाव गेलं, त्यानंतर तो पुनर्वसनाच्या वस्तीत राहतो आणि धरणातली मासळी पवनीला, भंडाऱ्याला नेऊन विकतो. येताना बोटवा मासा आणायचा तो नेहमीच, त्या दिवशी आणला नव्हता. त्यावरूनच समजायला हवं होतं की पाहुणा म्हणून आलेला नाही.

"बाई, हात धुऊन घे," तो म्हणाला, "घरची वस्तू आहे."

त्याने खिशातून लाल कापडाची पुरचुंडी काढली. मी उघडायच्या आधीच ओळखलं. उंबरठ्याचा रुपया.

आमच्या गावात घराची चौकट उभी करताना उंबरठ्याखाली चांदीचा रुपया ठेवत. आमच्या आजोबांनी ठेवला होता. तो काढायचा नसतो. घर सोडायचं ठरलं तरच काढायचा आणि नव्या घराच्या उंबरठ्याखाली ठेवायचा. गाव उठलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, पण सामान हलवायला मी गेले होते. याच भावाने सब्बल, म्हणजे पहार, घालून चौकट उपसली. सब्बलीचं टोक रुपयाला लागलं आणि राजाच्या मुकुटावर कडेला चांगला खळगा पडला. रुपया मातीने काळा झाला होता. आईने तो पदराने पुसला आणि सांगितलं, याला चिंच लावायची नाही, राख लावायची नाही, जसा आहे तसा राहू द्या.

वस्तीतल्या घराला सिमेंटची तयार चौकट होती. तिच्याखाली काही ठेवायला जागाच नव्हती. म्हणून रुपया देवघरात राहिला. आई जिवंत होती तोवर दर शुक्रवारी त्याला हळद-कुंकू लावायची. धुवायची नाही, वर फक्त लावायची. जुनं वाळायचं, त्यावर नवं बसायचं. अक्षरांच्या खाचा, पानाफुलांच्या खाचा सगळ्या काळपट लाल झाल्या होत्या. आई गेली त्याला दोन वर्षं झाली.

"आणला काहून?" मी विचारलं.

"तूच तं भाऊबीजेले सांगतलं. एकोणचाळीसचा राजाछाप रुपया लई कमी मिळते म्हणून. मी घरी जाऊन पाह्यला. आपला एकोणचाळीसचाच आहे, बाई!"

हे खरं होतं. भाऊबीजेला माहेरी गेले होते, जेवताना मी सांगितलं होतं की सहाव्या जॉर्जचा अडतीसचा रुपया वाटेल तितका मिळतो आणि एकोणचाळीसचा हजारांत एखादा. लोक काय काय करतात हेही सांगितलं होतं. आठाच्या खालच्या वाटोळ्याची डावी बाजू खरवडली की इंग्रजी आठाचा नऊ होतो. सगळे हसले होते. भावजयीने वाढता वाढता विचारलं होतं, मग ओळखू कसं येतं? मी म्हटलं, भिंगातून.

मी रुपया काट्यावर ठेवला. वजन बरोबर. कडेच्या रेघा बरोबर. टेबलावर टाकून पाहिला, आवाज चांदीचा. मुकुटावर सब्बलीचा खळगा जिथल्या तिथे. म्हणजे रुपया आमचाच होता, बदललेला नव्हता. मला क्षणभर बरं वाटलं. मग मागची बाजू वर केली आणि भिंग लावलं.

अक्षरांच्या खाचांत आईचं कुंकू होतं. गडद, दगडासारखं घट्ट बसलेलं. सालाच्या पहिल्या तीन आकड्यांभोवतीही होतं. शेवटच्या आकड्याभोवती नव्हतं. तिथे चांदी उघडी होती, ताजी, आणि तिच्यावर बारीक ओरखडे एकाच दिशेने गेलेले होते. त्यावर कोणी तरी कुंकू चोळलं होतं. पण ते गुलाबीसर, आजकाल पुडीत मिळतं तसलं. नखाने उडालं.

मी भिंग खाली ठेवलं.

"बाबू, हा अडतीसचा आहे."

"नीट पाय. नऊ आहे."

"आता नऊ आहे. कोणाकडून खरवडून घेतला?"

तो दाराकडे पाहत म्हणाला, "सोनाराच्या हाताखालचा एक कारागीर आहे. मस्त काम करते. तुलेच दिसलं, दुसऱ्याले नाई दिसत."

"मला दिसलं ना."

"म्हणूनच तं तुयाजवळ आलो." त्याने खुर्ची ओढली. आता तो आवाज उतरवून, समजूत घालायच्या सुरात बोलू लागला. "गिऱ्हाईक तयार आहे. तो म्हणते, तुया बहिणीच्या सहीची पुडी आण, मी उघडूनबी पाहत नाई. तू फक्त पुडी बांध. मले टेम्पो घ्यायचा आहे. मासळी दुसऱ्याच्या गाडीत किती दिवस नेऊ? बर्फ वितळून जाते, माल नासते."

"टेम्पो घे. कर्ज काढ, चालव. पुडी मिळणार नाही."

"एक सही वं बाई. कोणाचं काय जाते?"

"माझं जाते."

"तुयं काय जाते? तू इथं पंख्याखाली बसून राहिली. आमचं गाव पाण्यात गेलं तेव्हा तू भंडाऱ्यात भांडे विकून राहिली होती."

याला उत्तर होतं. चौकट उपसली त्या दिवशी आईला धरून मी उभी होते आणि त्याच्या हातात सब्बल होती. पण ते सांगून आकड्याभोवतीची चांदी परत आली नसती. मला राग खोटेपणाचा आला नाही. खोटी नाणी मी रोज पाहते. राग याचा आला की तो रुपया चांगला होता. सामान्य होता, फारशी किंमत नव्हती, पण आमचा होता आणि खरा होता. धरणाने घर नेलं, अंगण नेलं, विहीर नेली, आणि हा एवढा रुपया राहू दिला होता. तो याने सोनाराच्या कुणा कारागिराच्या कानसेखाली दिला. आता तो अडतीसचाही राहिला नाही. संग्रह करणारा घेणार नाही, देवघरात ठेवला तर दर शुक्रवारी तो आकडा समोर येणार. चांदीच्या वजनाने जाईल, मोडीत.

"आईचं कुंकू होतं त्यावर," मी म्हटलं.

"मंग? तुया भावजयीनं नवीन लावलं ना!"

हे तो खरंच मनापासून बोलला. त्याला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

मी कागद घेतला, पुडी केली, रुपया आत घातला आणि वर लिहिलं: १९३८, शेवटचा आकडा बदललेला. खाली सही केली. त्याच्यासमोर सरकवली.

"सही हवी होती ना? घे."

त्याने वाचलं. चेहरा लाल झाला.

"स्वतःच्या माहेरची वस्तू खोटी लिहून राहिली! बाबा असते तं तोंड नसतं पाह्यलं तुयं."

"बाबा असते तर रुपया देवघरात असता."

"ठीक आहे," तो उठला. पुडी फाडून कागद टेबलावर टाकला, रुपया खिशात घातला. "हद्दीवरच्या बापेऱ्याकडचे लोक येतात, तिकडून मध्य प्रदेशात जाईन. तुयासारख्या पन्नास बाया आहेत. आन् यापुढं भाऊबीजेले येऊ नको. उंबरठाच नाई आमच्या घराले, तू म्हणते तसं. सिमेंटचं आहे."

मी तसं कधी म्हटलं नव्हतं. चहा ओट्यावर होता, तो न घेताच गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, वळणापर्यंत ऐकू आला. मग मी उरलेली पिशवी लावायला बसले. दोन राणीछाप उलटसुलट ढिगात टाकले आणि पुन्हा काढले. त्या दिवशी काम बरं झालं नाही. संध्याकाळी हे दुकानातून आले, फाटकी पुडी टेबलावर पाहिली, वाचली, आणि म्हणाले, "जाऊ दे, घरातली गोष्ट आहे. गप्प बस." ते गप्प बसण्याला नेहमी शहाणपण समजतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चूल पेटवली म्हणायची आता पद्धत राहिली नाही, गॅसवर चहा ठेवला आणि नागपूरच्या व्यापाऱ्याला फोन लावला. सांगितलं, एकोणचाळीसचा एक रुपया बाजारात येईल. मुकुटावर खळगा आहे, खाचांत वाळलेलं कुंकू आहे, शेवटचा आकडा खरवडलेला आहे. घेऊ नका, ओळखीच्यांनाही सांगा.

व्यापारी म्हणाला, "ताई, त्याचा फोटो मला कालच एका दलालाकडून आला. पाठवणारा म्हणाला, तुम्ही पाहिलाय, तुम्ही हो म्हटलंय."

"मी नाही म्हटलंय."

"मूळ विकणारा कोण आहे?"

"माझा भाऊ," मी सांगितलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं, फोन नंबर दिला. त्याने लिहून घेतला.

चहा उतू जात होता. गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि पिशवीतले उरलेले रुपये फडक्यावर ओतले.