थरथरत्या हाताला तळं कोण देणार

मासळीच्या बियाण्याच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी माणसाचा हात बघतं, मग मासा. आमच्या मुलचेऱ्याकडं तरी तसंच आहे. गिऱ्हाईक तळ्याच्या पाळीवर येतं आणि मी जाळीतून बोटाएवढी पिल्लं मोठ्या गाळणीनं उचलतो. पहिली गाळणी त्याच्यासमोर एकेक पिल्लू मोजून रिकामी करायची. पुढं मोजणी नाही, नुसत्या गाळण्या ओतत जायचं, अन् प्रत्येक गाळणी पहिलीइतकीच भरलेली पाहिजे. सगळा विश्वास त्या एका हातावर. नेमका तोच हात थरथरायला लागला.

ढगाळ रात्रीनंतर पहाटे तळ्याच्या पाण्यातली हवा कमी होते. मासे वर येऊन तोंडं उघडतात, आणि बघता बघता सगळं तळं मेलेल्या माशांनी पांढरं पडतं. एका वर्षी माझं पडलं. तेव्हापासून आभाळ भरून आलं की छातीत धडधड, घशात गोळा, बोटं गार. मग निरभ्र आभाळातही तेच व्हायला लागलं. फोन वाजला तरी तेच. आता मरतोच म्हणून चंद्रपूरला डॉक्टरकडं गेलो. मशीनवर हृदयाची पट्टी काढली, ती साफ. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, ही घबराट आहे, हाही आजारच. गोळ्या घ्या, सावकाश श्वास घ्या आणि धंद्याचं टेन्शन घेऊ नका. आता सांगा, टेन्शन घेतलं नाही तर तो धंदा कसला? त्यांचं काय जातं बोलायला.

गोळ्या मी तळ्यावरच्या झोपडीत माशांच्या पेंडीच्या पोत्यामागं लपवल्या. श्वासाचं काम कमरेइतक्या पाण्यात उभा राहून करायचो, कारण पाण्यात उभ्या असलेल्या ढिवराला कोणी विचारत नाही की काय करून राह्यला म्हणून. शिवाय पाण्याखाली थरथर दिसत नाही. पण गाळणी कधीतरी वर काढावीच लागते.

त्या पावसाळ्यात शेजारच्या बंगाली निर्वासितांच्या गावातलं माझं जुनं गिऱ्हाईक आलं. मी त्यांना दादा म्हणतो. पहिलीच गाळणी अशी हलली की निम्मी पिल्लं चिखलात तडफडायला लागली. दादांनी माझ्याकडं पाहिलं, अंगठा तोंडाकडं नेला आणि हळूच म्हणाले, "सुबे सुबे, भाऊ?"

मी जन्मात दारूला शिवलो नाही. बाप दारूनं गेला. त्यानंतर माय गावच्या बाया घेऊन हातभट्टीची मडकी फोडत फिरली, रानातल्या भट्ट्यासुद्धा तिनं सोडल्या नाहीत. असा संताप आला, वाटलं गाळणी यांच्या डोक्यात घालावी. पण दादांच्या तोंडावर राग नव्हता, ओळखीचं हसू होतं. मी मान डोलावली. "थोडा कम करो," म्हणाले, अन् माल घेऊन गेले. दारूबंदीच्या जिल्ह्यात दारुड्याला जेवढी माफी मिळते तेवढी दुसऱ्या कोणाला मिळत नाही.

तळं आमच्या मच्छीमार संस्थेचं. ते कोणाला द्यायचं हे दरवर्षी मीटिंगमध्ये ठरतं. तळं गेलं तर माझ्याजवळ गाळणी तेवढी उरणार. मीटिंग जवळ आली आणि संस्थेतल्या एकाला पोत्यामागची गोळ्यांची पाकिटं सापडली. त्यानं औषधाच्या दुकानात दाखवून विचारलं. झालं, गावात दोन बातम्या फिरायला लागल्या. एक दादांकडून निघालेली, मी पितो. दुसरी, माझं डोकं फिरलं आहे.

मीटिंगच्या दिवशी सकाळी माय तळ्यावर आली. मी पेंड भिजवत होतो. ती अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"तोंड उघड."

मी उघडलं. तिनं वास घेतला, बापाचा घ्यायची तसाच, डोळे मिटून.

"नाई पेला तू."

"नाई."

"मंग हात काऊन हालते?"

मी सगळं सांगितलं. धडधड, डॉक्टर, गोळ्या, सगळं. मला वाटलं तिचा जीव भांड्यात पडेल. ती पाळीवर बसली.

"पेला असता तं बरं झालं असतं, बाबू," ती म्हणाली. "त्याचं काय करावं ते मले मालूम होतं."

ज्याला गोळ्या सापडल्या होत्या त्यानंच मीटिंगमध्ये विषय काढला. "पेणाऱ्याचं काई नाई, आपण कोण साधू हावोत? पण ह्या गोळ्या डोक्याच्या हायेत. अशाले तळं कसं द्यावं? उद्या त्यानंच पाण्यात उडी घेतली तं?"

मी हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. तेवढ्यात बायांच्या बाजूनं माय उठली.

"डोकं चांगलं हाय त्याचं," ती म्हणाली. "दारू पेते तो. गोळ्या दारू सोडवायच्या हायेत. बापावर गेला, अजून काय."

मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. "दुसऱ्याच्याच घरची मडकी फोडत होती का, बाई?" माय खाली बघत उभी राहिली. मी तिचा पोटचा पोरगा, मीही बोललो नाही. ठराव झाला आणि तळं मला मिळालं.

घरी येताना मी म्हटलं, "माय, काऊन बोलली तसं?" ती म्हणाली, "चाल, पेंड भिजत पडली हाय."

आता बाया भट्टी फोडायला निघाल्या की आमच्या दारापुढूनच जातात. मायला हाक मारत नाहीत. ती अंगणात मासळी वाळवत असते. मला वाटतं बाहेर जाऊन ओरडून सांगावं की मी पीत नाही. पण बाहेर जायच्या विचारानंच हात हलायला लागतो, आणि माय अंगणातून म्हणते, बस घरात, तू पेत नाई हे कोणाले समजलं तं तळं जाईल.