कानस लागली तेव्हा

कानशीची खरखर कानावर आली की तो फिटर आजही माझ्यासमोर उभा राहतो.

तेव्हा मी नगरजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. परदेशातून आलेली ट्रॉलीची बेअरिंग कस्टमने बंदरावर पकडली होती. खोक्यांवर नामांकित कंपनीचं नाव, माल मात्र भलत्याचाच. असा माल नष्ट करावा लागतो. आमच्या हद्दीतल्या एका भंगार कारखान्यात तो तोडल्याचा पंचनामाही झाला. आणि महिन्याभरात एका गॅरेजवाल्याने खबर दिली, की कस्टमची चिठ्ठी डकवलेले खोके गावोगाव फिरताहेत.

चौकशीला कस्टमच्या एक अधिकारी बाई आल्या. मी त्यांना म्हणालो, नावाचाच घोळ आहे, कंपनी बघून घेईल. उसाने भरलेल्या ट्रॉलीचं चाक भर रस्त्यात निखळलं तर काय, एवढंच त्यांनी विचारलं. मी तोडकामाचा पंचनामा मागवला.

तोडकामावर एकच फिटर होता, पन्नाशीचा. त्याला बोलावलं. दोन तास एकच पालुपद, मला ठाऊक न्हाई. दरडावलं, चहा पाजला. माणूस इतका हटून बसला की समजावं, तो कुणाला तरी पाठीशी घालतोय. शेवटी बाईंनी आणलेल्या नमुन्यातलं एक बेअरिंग त्याच्यापुढे ठेवलं, शेजारच्या वर्कशॉपमधून कानस मागवली आणि म्हणालो, "घासून बघ."

अस्सल बेअरिंगचं पोलाद इतकं कडक, की त्यावर कानस नुसती घसरते, हे तो माझ्यापेक्षा चांगलं जाणत होता. त्याने कानस फिरवली. टेबलावर लोखंडाचा भुगा पडला. पुन्हा फिरवली आणि त्याचा हात थांबला.

"साहेब, फोन लावू द्या. धाकट्या भावाच्या ट्रॉलीला हेच घातलंय. ऊस घिऊन फॅक्टरीला निघालाय त्यो."

घोडेगावच्या बाजाराचा दिवस, आणि ट्रॉलीचा रस्ता तिथूनच. भाऊ फोन उचलेना. मी तिथल्या हवालदाराला ट्रॉली अडवायला सांगितलं. पुढची वीस मिनिटं फिटर भिंतीला धरून उभा होता. त्याला बस म्हणायचंही मला सुचलं नाही. मलाही भीती वाटत होती.

बाजाराच्या थोडं अलीकडे ट्रॉली थांबवली. चाक कललं होतं, मधलं हब इतकं तापलं होतं की हात लावू देत नव्हतं.

हे ऐकून तो खाली बसून रडला. मग आपणहून सगळी नावं सांगितली. त्याच दिवशी उरलेली बेअरिंग जप्त केली. त्याच्यावरही गुन्हा दाखल झालाच, तो टाळणं माझ्या हातात नव्हतं.

जबाब मी स्वतः लिहून घेतला. "नवं कोरं लोखंड फोडवंना, साहेब," तो म्हणाला. "वाटलं, नावाचाच घोळ हाय."

माझं पेन अडलं. कस्टमच्या बाई समोरच बसल्या होत्या. मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं.